मिरजेचा मोठा तंबोरा: नऊ महिन्यांच्या कसून रियाजानंतर

तंबोऱ्याची मापं, लाकूड, नक्षी याबद्दल वाचणाऱ्यांना माहिती असेलच. हा तंबोरा बेळगावातल्या निवासी गायनवर्गात आहे. सोळा ते बावीस वयाची मुलं, पहाटे पाचपासून चार बैठका, रोजचे सहा-सात तास. गेल्या आठवड्यात त्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, मुका झाला, म्हणून हे लिहिणं.

दुरुस्तीवाला म्हणाला, घोडी (तारा ज्यावर टेकतात तो ठोकळा) गेली, नवी बसवा. घोडी गेली नव्हती. खर्जाची तार सैल करून बाजूला सारा आणि घोडीच्या पाठीवरून नख फिरवा, बारीक खाच लागते. तार खाचेत बसली की ती उतारावर टेकत-सुटत कंप पावत नाही, एका जागी धरली जाते आणि झंकार मरतो. याला जवारी काढावी लागते, म्हणजे झंकार परत यावा म्हणून घोडीची पाठ घासून नीट करावी लागते: आधी कानस, मग बारीक पॉलिश पेपर, आणि दर दोन-चार हातांनंतर तार चढवून ऐकणं. हे काम घरी करू नये, कारण जास्त घासलं गेलेलं परत भरता येत नाही. तारा मात्र एका वेळी एकच सैल करा, चारही सोडल्या तर घोडी जागची हलू शकते.

पण कारागिराकडे धावण्याआधी सूत, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा, बघा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. शिंप्याच्या रिळातला साधा सुती दोरा पुरतो; नायलॉनचा नको, तो घसरतो. तार छेडत राहायची आणि तारेखालचं सूत केसाकेसानं सरकवायचं. जागा चुकली की आवाज एकतर बोदा येतो, नाहीतर किरकिरा. जागा सापडली की खर्जाच्या वर, कोणी न लावलेला गंधार आपोआप उमटतो.

माझं सगळं म्हणणं या गंधारापाशी येऊन थांबतं. पेटीचा गंधार याच्यापेक्षा किंचित चढा असतो. पेटीवर घोटून आलेल्या मुलांचा गंधार तसाच चढा लागतो, आणि ते चढं आहे हे त्यांना ऐकूच येत नाही. जवारी नीट असलेल्या तंबोऱ्याशेजारी दोन महिने बसलं की कान आपोआप खाली येतो. जवारी बिघडली तर रोजचे सात तास वाया. म्हणून पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाला सूत बसवता आलं पाहिजे, आणि बैठकीतली पहिली वीस मिनिटं तंबोरा जुळवण्यात गेली तर त्याला वेळ घालवणं म्हणू नये. १९२४ साली इथल्याच सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा तंबोऱ्याबाबतचा काटेकोरपणा सगळ्यांना ठाऊक आहे. जुळवायला बसण्याआधी मणी (तारेत ओवलेले, सूर बारीक जुळवायला सरकवायचे) मध्यावर आणून ठेवा, म्हणजे शेवटचा बारीक फरक दोन्ही बाजूंना करता येतो.

एक मत बदललं. फायबरची घोडी पाहून सुरुवातीला नाक मुरडलं होतं. आवाज थोडा कोरडा आहे हे आजही म्हणेन, पण बेळगावचा पावसाळा तिनं निमूट काढला. तारा ताणायच्या खुंट्यांनी मात्र छळलं. जून ते सप्टेंबर फुगून अडकतात, जानेवारीत सुकून सुटतात. सुटणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावावी, तेल अजिबात नको. बैठक संपली की तारा कोरड्या फडक्यानं पुसा, घामाचा हात लागलेली पोलादी तार दमट हवेत लगेच गंजते.

दुसरं मत पूर्ण उलटलं. मुलांच्या काळी एकला आणि मुलींच्या काळी चारला (पेटीवरच्या पहिल्या आणि चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला) एकच तंबोरा चालेल, पैसे वाचतील असं वाटलं होतं. रोज चढउतार करून तारा तारगहनाजवळ (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ओवतात तिथं) तुटू लागल्या, आणि ताण बदलला की सुताची जागाही बदलते. मुलींसाठी लहान तंबोरा वेगळा घ्यावाच लागला. तो पहिल्याच दिवशी घेतला असता तर तारांचे आणि खेपांचे पैसे वाचले असते.

मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहे. तरी खरेदी शिक्का बघून करू नका. सकाळच्या रेल्वेनं मिरजेला जा, तंबोरा आपल्याच पट्टीत लावून घ्या, एकदा सुतासह आणि एकदा सुताशिवाय अर्धा तास ऐका. चारही तारांचे गेज कागदावर लिहून घ्या, जादा तारांचे दोन जोड घ्या, आणि सहा महिन्यांनी एकदा जवारी काढून देण्याचं भावातच ठरवून घ्या. परतताना भोपळा मांडीवर ठेवा, सामानाच्या फळीवर नको.