हेडफोन अॅम्पच्या डेमोमध्ये झालेली फसवणूक, घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

सरळ मुद्द्यावर येतो. हेडफोन अॅम्प (हेडफोनला ताकद देणारा अॅम्प्लिफायर) विकणाऱ्या एकाने मला डेमोमध्ये दोन अॅम्प वेगवेगळ्या आवाजात ऐकवले, तो फरक क्वालिटीचा म्हणून विकला, माहितीच्या कागदावर एक आकडा धडधडीत खोटा दिला आणि वर परत करायची मुदत निघून जाईल अशी व्यवस्थाही करून ठेवली. तक्रार अजून चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. पण नावापेक्षा पद्धत कळणं जास्त गरजेचं आहे, कारण तेच डायलॉग आणि तोच डेमो कुठलाही विकणारा करू शकतो आणि समोर बसलेल्याला पत्ताही लागत नाही.

माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ८०० एस आहे. ३०० ओहमचा हेडफोन, त्यामुळे "याला दमदार अॅम्प लागतो" हे वाक्य पहिल्या दिवसापासून कानावर पडत होतं. विकणारा म्हणाला तुमचाच डॅक (डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र), तुमचाच अॅम्प, तुमचाच हेडफोन घेऊन या, समोरासमोर ऐकवतो, पटलं तर घ्या. ऐकायला किती प्रामाणिक वाटतं बघा. माझा अॅम्प साधा, ट्रान्झिस्टरवाला, एकच ६.३ एमएमचा जॅक. त्याचा मोठा, जड, समोर चार पिनचा एक्सएलआर जॅक असलेला बॅलन्स्ड (प्रत्येक चॅनलचे प्लस-मायनस वेगळे असलेला) अॅम्प. माझ्या एचडी ८०० एसच्या डब्यात ६.३ एमएमची आणि चार पिनची अशा दोन्ही केबल आल्या होत्या, त्यामुळे दोन्ही अॅम्पवर ऐकणं सोपं होतं.

त्याने माझ्या अॅम्पचा नॉब बारावर ठेवला आणि स्वतःचा साडेअकरावर, आणि म्हणाला, "सर, आमचा मुद्दाम कमी ठेवलाय, तरी फरक बघा." फरक होता, खरंच होता. बास भरल्यासारखा, आवाज जवळ आल्यासारखा, मागची वाद्यं वेगवेगळी कळायला लागलेली. मग ठरलेली वाक्यं सुरू झाली, हेडफोन आता कुठे उघडलाय, आधी उपाशी होता, पॉवर कमी पडत होती म्हणून पातळ वाजत होता. मध्ये केबल बदलायची, दोन्ही कपांमधून काढायची, परत लावायची, यात बराच वेळ जात होता आणि तेवढ्या वेळात आधीचा आवाज नक्की कसा होता हे कोणाच्याच डोक्यात धड राहत नाही.

आता यात मेख कुठे होती ते सांगतो, कारण सगळी फसवणूक इथेच आहे. डॅकमधून माझ्या अॅम्पला आरसीएने, म्हणजे साध्या केबलने सिग्नल जात होता आणि त्याच्या अॅम्पला एक्सएलआरने, म्हणजे बॅलन्स्ड केबलने. बहुतेक डॅकचं आरसीए आउटपुट २ व्होल्ट असतं आणि एक्सएलआरचं ४, म्हणजे आत जातानाच दुप्पट, डेसिबलमध्ये ६ जास्त. त्यात अॅम्पचं बॅलन्स्ड आउटपुट पण साध्या जॅकपेक्षा साधारण दुप्पट व्होल्टेज देतं. त्यात मागे गेनचा (अॅम्प सिग्नल किती पट वाढवतो त्याचा) स्विच, तो हायवर होता की लोवर कोण बघतंय. एवढं सगळं असताना नॉब बारावर की साडेअकरावर याला काहीच अर्थ उरत नाही. नॉबचा आकडा म्हणजे आवाजाचं माप नव्हे, आणि तो माप असल्यासारखा दाखवायचा यालाच मापात पाप म्हणतात.

दोन-अडीच डेसिबलचा फरक कानाला "जोरात" असा कळेलच असं नाही हे लक्षात घ्या. बऱ्याचदा तो स्वच्छ, मोकळा, भरलेला असा कळतो. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की बास त्या मानाने जास्त वाढतो. म्हणजे नुसता आवाज वाढवला तरी टोन बदलल्यासारखा वाटतो. विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही, कारण नॉब थोडा कमी ठेवायची शक्कल ज्याला सुचते त्याला सगळं माहीत असतं.

अॅम्प विकत घेऊन घरी आणल्यावर दोन-चार दिवस मजा आली, मग एकदा जुन्या अॅम्पवर आवाज जरा वाढवून ऐकलं तर सगळं तेच. शंका आली म्हणून विचारलं तर उत्तर तयार होतं, अजून बर्न-इन (नवीन यंत्र बरेच तास वाजवून रुळवणं) झालेला नाही, दोनशे तास वाजू द्या, घाई नको. ट्रान्झिस्टरचा अॅम्प चालू केल्यावर गरम होऊन स्थिर व्हायला थोडा वेळ घेतो, तेवढंच. दोनशे तासांनी त्याचा आवाज उमलेल असं आत काही नसतं. पण रोज माणूस जेवढं ऐकतो त्या हिशोबाने दोनशे तास भरेपर्यंत परत करायची मुदत संपलेली असते, आणि माझीही संपली. कोणी तुम्हाला बर्न-इनपर्यंत थांबा म्हणालं तर त्याच मिनिटाला "मग परतीची मुदतही तेवढी वाढवून लेखी द्या" म्हणा आणि तोंड बघा.

यानंतर मी मोजायला बसलो. डेमोच्या वेळी टेबलाचा फोटो काढलेला होता, त्यात नॉबच्या जागा आणि केबल स्पष्ट दिसतात. तीच जोडणी केली, ३०० हर्ट्झचा टोन लावला (साधे मल्टिमीटर फार वरच्या फ्रिक्वेन्सीला बरोबर दाखवत नाहीत म्हणून), हेडफोन जोडलेला ठेवून दोन्हीचं एसी व्होल्टेज बघितलं. त्याच्या अॅम्पचं माझ्यापेक्षा सुमारे १.३ पट, म्हणजे सव्वादोन डेसिबल जास्त. एक काळजी घ्या, बॅलन्स्ड अॅम्प मोजताना मीटरच्या पिना एकाच चॅनलच्या प्लस आणि मायनसला लावायच्या, मायनस कधीही ग्राउंडला टेकवायचा नाही, अॅम्प जाऊ शकतो.

मग दोन्हीचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत सारखं केलं, एक टक्का म्हणजे ०.१ डेसिबलपेक्षाही कमी, आणि मित्राला सांगितलं की मला न दाखवता बदल. मोकळेपणा गेला, वाद्यं वेगवेगळी कळणं गेलं, स्टेज (वाद्यं समोर पसरल्यासारखं वाटणं) गेलं. राहिला फक्त थोडासा जास्त बास. तो मात्र खरा होता, न बघताही ओळखू येत होता, आणि तोच मला खटकायला लागला कारण चांगल्या अॅम्पने बास वाढवायचं काही कारण नाही.

त्याचं उत्तर आउटपुट इम्पीडन्समध्ये, म्हणजे अॅम्पच्या आतल्या, ओहममध्ये मोजल्या जाणाऱ्या विरोधात सापडलं. कागदावर लिहिलं होतं १ ओहमपेक्षा कमी. मी आधी काहीही न जोडता व्होल्टेज मोजलं, मग १०० ओहमचा रेझिस्टर लोड म्हणून लावून परत मोजलं. व्होल्टेज जवळजवळ अर्धं झालं. लोड लावल्यावर व्होल्टेज निम्मं होतं याचा अर्थ अॅम्पचा आतला इम्पीडन्स लोडएवढाच आहे, म्हणजे शंभरच्या आसपास. १ आणि १०० यात छपाईची चूक होत नाही. गंमत म्हणजे त्याच कागदावर ३२ ओहमला ६ वॅट लिहिलंय, त्याला ३२ ओहमवर सुमारे १४ व्होल्ट लागतात, आणि आत १०० ओहम बसलेले असताना तेवढे १४ बाहेर यायला आत ५७ व्होल्ट पाहिजेत. म्हणजे मोजलेले १०० ओहम आणि कागदावरचे ६ वॅट एकत्र खरे असणं जवळजवळ अशक्य.

याने आवाज का बदलतो तर एचडी ८०० एस नावाला ३०० ओहमचा असला तरी १०० हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पीडन्स बराच वर जातो. आत १०० ओहम असले की जिथे इम्पीडन्स जास्त तिथे हेडफोनच्या वाट्याला व्होल्टेज जास्त येतं, त्यामुळे खालचा भाग साधारण एक डेसिबल वर उचलला जातो. खात्री करायला मी माझ्या जुन्या अॅम्पच्या दोन्ही चॅनलला १०० ओहमचा एकेक रेझिस्टर सिरीजमध्ये लावला, व्होल्टेज परत जुळवलं, आणि दोघांतला फरक ओळखणं थांबलं. मित्रालाही नाही कळला. हेडफोनपेक्षा महाग विकलेल्या अॅम्पचा "उबदार टोन" दोन रेझिस्टरमध्ये मिळाला.

गैरसमज नको म्हणून सांगतो, अॅम्पने फरक पडतच नाही असं मी म्हणत नाहीये. ट्यूबच्या ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) अॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स जास्तच असतो, बनवणारा तसं उघड सांगतो, आणि तो गोडवा आवडणारे लोक ठरवून घेतात, यात काहीच वावगं नाही. पॉवरचाही प्रश्न खरा आहे, पण तो हेडफोनवर अवलंबून आहे, किमतीवर नाही. फोकल यूटोपिया ८० ओहमचा, १ मिलिवॅटला १०४ डेसिबल, त्याला ११० डेसिबलपर्यंत न्यायला ४ मिलिवॅट पुरतात. हायफायमॅन सुसवारा ६० ओहमचा, पण १ मिलिवॅटला ८३ डेसिबलच, त्याला त्याच आवाजासाठी अर्धा वॅट लागतो, सव्वाशेपट. सुसवारावाल्याने दमदार अॅम्प शोधला तर ते बरोबरच आहे. आणि माझा? एचडी ८०० एस १ व्होल्टला १०२ डेसिबल देतो, ११० ला अडीच व्होल्ट, म्हणजे साधारण २० मिलिवॅट. माझा जुना अॅम्प हे आरामात देत होता, तो कधीच उपाशी नव्हता. ओहम जास्त म्हणजे भूक जास्त हे विकणाऱ्यांनी पसरवलेलं आहे, सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला किंवा व्होल्टला किती डेसिबल येतात ते) बघितल्याशिवाय काहीच कळत नाही.

अनेक ड्रायव्हरवाले (आत एकापेक्षा जास्त छोटे स्पीकर असलेले) इनइयर ज्यांच्याकडे असतील त्यांनी तर शंभर ओहमच्या अॅम्पपासून लांबच राहा. त्यांचा इम्पीडन्स कमी असतो आणि फ्रिक्वेन्सीप्रमाणे खूप वरखाली होतो, सगळा टोनच बदलून जाईल. आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा हा साधा हिशोब वापरला तरी पुरतं. प्लॅनर (सपाट पातळ पडद्याच्या) हेडफोनचा इम्पीडन्स सपाट असतो, तिथे टोन फारसा हलत नाही.

हे सगळे आकडे फोटोसकट पाठवल्यावर आधी उत्तर आलं की मशीनपेक्षा कान मोठे. मग चांदीची केबल लावून बघा, तीही त्याच्याकडेच मिळते. मग मी इम्पीडन्सचा मुद्दा सोडत नाही म्हटल्यावर १९९६ च्या आयईसी ६१९३८ या ऑडिओ जोडणीच्या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये १२० ओहमच सांगितलेत असा दाखला. हो, सांगितलेत, पण मग कागदावर १२० लिहा ना, १ पेक्षा कमी का लिहिलं? याला आजपर्यंत उत्तर नाही. पैसे परत देत नाही, अजून महाग मॉडेलवर बदलून देतो म्हणतोय. मी नकार दिलाय आणि लेखी तक्रार पुढे नेतोय.

तुम्ही असा डेमो ऐकायला जाणार असाल तर खिशात मल्टिमीटर ठेवा आणि ऐकायच्या आधी दोन्हीचं व्होल्टेज तुमच्यासमोर जुळवायला लावा, जो टाळतो त्याच्याकडून घेऊ नका. प्रत्येक जॅकचा आउटपुट इम्पीडन्स आणि तुमच्या हेडफोनच्या ओहमला किती पॉवर, हे बिलावर किंवा ईमेलमध्ये लिहून घ्या. आणि ज्यांनी आधीच घेतलाय आणि बर्न-इनची वाट बघत बसलेत त्यांनी आजच रेझिस्टर लावून मोजा, फोटो काढा आणि मुदत संपायच्या आत ईमेल पाठवा, फोनवर बोलू नका, फोनवर दिलेला शब्द नंतर कोणी मान्य करत नाही.