लहान टाकीसाठी मासे: कोथरूडमधील एका दुकानाचा अनुभव

कोथरूडमध्ये मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत असलेल्या शोभिवंत माशांच्या या दुकानात कोणता मासा हवा हे सांगण्याआधीच मालक विचारतात, "टाकी केवढी आहे? आणि पाणी भरून किती दिवस झाले?" पुण्यात दुकानदाराने गिऱ्हाइकाला माल नाकारणे ही नवलाची गोष्ट नव्हे; येथे नाकारण्याचे कारणही सांगितले जाते, एवढाच फरक. माझ्यासमोर एका जोडप्याने काचेच्या गोल भांड्यासाठी गोल्डफिशची जोडी मागितली, तेव्हा हा मासा वीतभर वाढतो, घाण बरीच करतो आणि भांड्यात फार काळ तग धरत नाही, असे सांगून त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवण्यात आले.

माझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. काठोकाठ भरल्यास तीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटरच्या आसपास उरते. नव्या टाकीत माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो, आणि त्याचे आधी नायट्राइट व नंतर त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. हे समजावून देताना मालकांनी आपल्या चालू टाकीतील फिल्टरच्या काळपट स्पंजाचा एक तुकडा कापून, ओला असतानाच पिशवीत घालून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. अशा तुकड्यामुळे टाकी लवकर तयार होते, मात्र त्यासोबत रोगही येऊ शकतो. म्हणून ज्या टाकीतील स्पंज घ्यायचा तेथील मासे आधी नीट पाहून घ्यावेत.

घरी पाणी महापालिकेचे येते की बोअरवेलचे, हा त्यांचा पुढचा प्रश्न मला विशेष आवडला. महापालिकेचे, म्हणजे खडकवासला धरणाचे, पाणी बोअरवेलच्या मानाने मृदू (कमी क्षारांचे) असते आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आलेल्या निऑन टेट्राला ते मानवते. टँकर किंवा बोअरवेलवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांत गप्पी आणि मोली अधिक सुखाने राहतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी अँटी-क्लोरीनचे थेंब मात्र वापरलेले बरे.

अखेर आठ निऑन, तळाशी वावरणारे सहा कोरिडोरस आणि वरच्या थरासाठी एक हनी गुरामी, असे ठरले. निऑन आणि कोरिडोरस दोन-दोन घेतले तर बुजून कोपऱ्यात बसतात, त्यांना थवाच लागतो. कोरिडोरसच्या मिशा खडबडीत खडीने झिजतात, म्हणून तळाला बारीक वाळू घालण्यास सांगण्यात आले. माझ्या मुलीला एंजल मासा हवा होता. पण तो मोठा झाल्यावर निऑन गिळतो, आणि टायगर बार्ब गुरामीचे लांब, दोऱ्यासारखे पर कुरतडतो, म्हणून दोन्ही बाद झाले. जाळीत आलेल्या निऑनपैकी एकाच्या शेपटीजवळ मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका, म्हणजे रोगाचे लक्षण, दिसताच मालकांनी सगळी जाळी पुन्हा टाकीत सोडली आणि त्या टाकीतला एकही मासा दिला नाही. निऑन पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टाकीतून मिळाले.

इतक्या काटेकोर दुकानात दोन गोष्टी खटकतात. फायटर मासे पेलाभर पाण्याच्या बरण्यांत ओळीने मांडलेले आहेत. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: सकर मासा 'काच साफ करणारा' म्हणून सर्रास विकला जातो आणि तो फूटभराहून मोठा होतो हे विचारल्याशिवाय सांगितले जात नाही. टाकीत मावेनासा झाला की लोक तो नदीत किंवा तलावात सोडतात. देशात अनेक ठिकाणी सकर अशाच मार्गाने पसरला आहे आणि स्थानिक माशांना जड जात आहे. गोल्डफिशच्या गिऱ्हाइकाला परत पाठवणाऱ्याने येथेही तोच नियम लावायला हवा.

दर इतर दुकानांपेक्षा थोडे चढे आहेत, पण मासे निवडण्याची सूट मिळते आणि घर लांब असल्यास पिशवीत ऑक्सिजन भरून देतात. रविवारी संध्याकाळी फार गर्दी असते, त्यामुळे सल्ला हवा असेल त्यांनी आठवड्यातील मधल्या दिवशी सकाळी जावे आणि टाकीची मापे कागदावर लिहून न्यावीत.