लेकीचा पहिला मुक्कामी कॅम्प (भंडारदरा): पालकसभेला पूर्ण मार्क, रात्रीच्या मेसेजला नाही

लेक पाचवीत आहे. जानेवारीत शाळेतर्फे भंडारदऱ्याला दोन रात्रींचा कॅम्प होता, बस, जेवण, तंबू सगळं धरून ३८०० रुपये. आजीचं घर सोडलं तर ती आमच्याशिवाय कुठेच झोपलेली नाही, त्यामुळे फॉर्म भरला खरा पण माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. कॅम्प छानच झाला, पण मला लिहायचंय ते कॅम्पवाल्यांनी आठ दिवस आधी शाळेत घेतलेल्या पालकसभेबद्दल, कारण माझ्या मते आमचे पैसे तिथेच वसूल झाले.

मला वाटलं नेहमीसारखं डोंगराचे फोटो दाखवतील, सामानाची यादी वाचतील आणि झालं. पण जो दादा आला होता त्याने वर्गातली बाकं सरकवून मधोमध तंबूच उभा केला आणि दोन-तीन पालकांना सांगितलं आत जा, चेन लावा, आता बाहेर या. बाहेर येताना प्रत्येकाने चेन उघडीच सोडली. तेव्हा त्याने सांगितलं की मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि कितीदा तर चावलेलं कळतसुद्धा नाही, थंडीत साप कमी दिसतात पण चेन लावायची सवय बाराही महिने हवी, तेवढी एक गोष्ट घरी मुलांकडून करून घ्या. मग स्वतःचा बूट काढून उलटा धरून जमिनीवर दोनदा आपटून दाखवला, विंचवासाठी. ऐकून घाबरायला व्हायला हवं होतं, पण उलट मला बरं वाटलं, या माणसाला नक्की काय सांभाळायचंय ते माहितीये असं वाटलं.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा नेहमीचेच प्रश्न, जेवणात काय, पाण्याजवळ नेणार का. आमच्या सासूबाई मुद्दाम आल्या होत्या, त्यांनी विचारलं रात्री पोरींना बाथरूमला कोण नेणार, तर मुलींच्या तंबूंना लागूनच ताईंचा तंबू असतो आणि कोणीही एकटं जायचं नाही, जोडीनेच, ताईला उठवून जायचं. दहा मुलांमागे एक दादा किंवा ताई. रात्री काही झालं तर आधी राजूर, मग अकोले, मोठं काही असलं तर संगमनेर, आणि एक गाडी ड्रायव्हरसकट तिथेच थांबलेली. एका बाबांनी विचारलं तुमची नोंदणी आहे का, तर लगेच कागद दाखवला. २०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याप्रमाणे अशा कॅम्पवाल्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, हे मला तिथे कळलं. तुम्हीही विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण सगळ्यात मला आवडली ती चिठ्ठी. शेवटी प्रत्येकाला कोरा कागद दिला, चारचौघात बोलायचं नसेल ते लिहा, फक्त ताई वाचेल. माझी लेक अजून कधीतरी झोपेत अंथरूण ओलं करते, आणि हे शाळेत कळलं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल म्हणून मी कॅम्पला नकोच म्हणत होते. मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंचा फोन आला, म्हणाल्या साडेनऊनंतर तिला पाणी कमी देऊ, बाराला मी स्वतः उठवीन, एक जादा स्लीपिंग बॅग माझ्या तंबूत असेल, आणि कोणाला कळणार नाही. फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

घरचा अभ्यासही दिला होता. सॅक मुलांनीच भरायची, आपण नुसतं बघायचं, कारण अंधारात टॉर्च कुठल्या कप्प्यात आहे ते तिलाच सापडायला हवं. गोळ्या-औषधं सॅकमध्ये नाहीत, पिशवीवर नाव आणि वेळ लिहून बाईंच्या हातात. दोन रात्री घरातच हॉलमध्ये स्लीपिंग बॅगमध्ये झोपवा. पहिल्या रात्री लेक दीडला उठून आमच्यात येऊन झोपली, दुसऱ्या रात्री सकाळपर्यंत तिथेच होती. आणि एक वाक्य अजिबात बोलू नका म्हणाले, ‘नाही आवडलं तर लगेच न्यायला येईन’, कारण मग रडू आलं की पोर तेवढंच धरून बसतं. मी ते वाक्य आधीच दोनदा बोलून बसले होते, मग तिला जवळ बसवून सांगितलं की आठवण येईल, मलाही येईल, आली की ताईला सांग.

आता जे आवडलं नाही ते. सांगितलं होतं रोज रात्री ९ वाजता ग्रुपवर मेसेज येईल. पहिल्या रात्री तो आला ११ वाजून २० मिनिटांनी. तोपर्यंत ग्रुपवर नुसता आकांत, मी तर शाळेच्या बाईंना चार वेळा फोन लावला, लागेना. कारण काय तर कॅम्पच्या जागी रेंजच नाही, कोणीतरी शेंडी गावात येऊन मेसेज टाकायचा होता आणि ते शेकोटीच्या गडबडीत राहिलं. अहो मग सभेतच सांगा ना की रेंज नसते, मेसेज उशिरा येईल. एवढी तयारी करून घेतलेल्या पालकांना तुम्ही जवळजवळ अडीच तास टांगून ठेवलंत. दुसरं म्हणजे यादीत नुसतं ‘थंडीचे कपडे’ लिहिलेलं. पुण्याची थंडी धरून मी एक स्वेटर दिला, तिथे धरणाच्या काठावर जानेवारीत पहाटे हाडं गोठतात, कानटोपी आणि दोन जोड लोकरी मोजे स्पष्ट लिहायला हवे होते. ताईंनी स्वतःची टोपी तिला दिली.

लेक परत आली ती कळसूबाई लांबून बघितलं, १६४६ मीटर, पुढच्या वेळी वर जायचंय असं सांगतच, आणि मृग नक्षत्र कुठलं ते तिने आम्हाला गच्चीवर नेऊन दाखवलं. जादा स्लीपिंग बॅग एका रात्री लागली म्हणे, हे तिनेच मला हळूच सांगितलं, आणि वर्गात खरंच कोणालाही माहीत नाही.

पुढच्या वर्षी राजगड आहे. यांनाच बोलवा असं मी शाळेला लिहून दिलंय, खाली मेसेज आणि कानटोपीचंही लिहिलंय.