अणुवीज, कोळसा की सौर? ग्रामसभेत हात वर करण्याआधी

मागच्या हिवाळ्यात हरभऱ्याचं ओलीत चाललं होतं. त्या आठवड्यात आमच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या मोटरींना वीज देणाऱ्या लाइनला, थ्री फेज रात्रीची होती. साडेअकराला लाइन आली, मोटरनं पाणी धरलं, आणि मी टॉर्च अन् काठी घेऊन धुऱ्यावर उभा. शेजारच्या वावरातल्या गड्यानं मोबाइलवर मोठ्यानं भजन लावून ठेवलं होतं. आमच्या भागात रानडुकरं, अस्वलं आहेत, वाघही आहे. माणसाचा आवाज आला तर ते बाजूनं जातात. लांब औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांचे लाल दिवे लुकलुकत होते. तिथं वीज रात्रंदिवस तयार होते, आमच्या वाट्याला ती रात्रीची येते.

आमच्या वहिनी ग्रामपंचायत सदस्य आहेत. परवा चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "भाऊजी, सोलरवाले जमीन मागून राहिले. पेपरात अणूच्या लहान भट्ट्या येणार म्हणते. उद्या आपल्या भागात आणतो म्हणाले, तं मी हात वर करू का खाली ठेवू?"

प्रश्न हवेतला नाही. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट अणुवीज आणि लहान अणुभट्ट्यांसाठी २० हजार कोटी रुपये जाहीर झाले. त्याच एप्रिलमध्ये महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीनं रशियाच्या रोसाटॉम या सरकारी अणुकंपनीबरोबर थोरियम या अणुइंधनावरच्या लहान अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, तिरोडा, मौदा, पारस अशी कोळशाच्या वीजकेंद्रांची रांग आधीच आपल्या विदर्भाच्या अंगणात आहे. म्हणून वहिनींसाठी, आणि त्यांच्यासारख्या ज्यांना हात वर-खाली करायचा आहे त्या सगळ्यांसाठी, हे लिहितो आहे.

चूल वेगळी, भांडं तेच

कोळशाचं केंद्र आणि अणुवीज केंद्र यांत अर्धं यंत्र सारखंच आहे. पाणी तापवायचं, वाफ करायची, वाफेनं टर्बाइनचं चक्र फिरवून वीज काढायची. फरक चुलीत. एकीकडे कोळसा जळतो, दुसरीकडे युरेनियमचे अणू फुटतात आणि त्यातून उष्णता निघते. जळण नाही म्हणून धूर नाही.

आता माझ्या मोटरीवरून हिशेब करू. पाच एचपीची मोटर आठ तास चालली की साधारण ३० युनिट जातात. एका युनिटला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे एका रात्रीच्या ओलिताला २० किलोच्या वर. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते. हरभऱ्याच्या एका पाण्यामागे सात किलो राख कुठंतरी पडली. तेवढीच वीज आपल्या जड पाण्याच्या (साध्याऐवजी जड हायड्रोजनचं पाणी वापरणाऱ्या) अणुभट्टीत करायची तर अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त युरेनियम पुरतं. वजनानं गव्हाचे पंधरा दाणे धरा.

ती सात किलो राख कुठं जाते हे पूर्व विदर्भाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे वारा केंद्राच्या बाजूचा असला की सकाळी वेचणीला गेलेल्या बायांच्या हाताला करडा थर लागतो. पऱ्हाटीचं बोंड वरून पांढरं दिसतं, मुठीत घेतलं की बोटं मळतात. अंगणात वाळत घातलेल्या कुरड्यांवर आईला जुनं लुगडं झाकावं लागतं. सिमेंटला, विटांना, रस्त्यांना राख वापरतात हे खरं आहे आणि चांगलं आहे, पण ती वाहून नेणारे ट्रकही गावातूनच जातात. शिवाय खाणी, आणि खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर. दम्याचे पेशंट मोजायला मी डॉक्टर नाही, पण आमच्या आळीत दम्याचा पंप ओढणारी लहान मुलं मला नावानिशी माहीत आहेत.

अणुभट्टीचा कचरा याच्या अगदी उलट आहे. थोडा, पण जहाल. वापरलेलं इंधन आधी पाण्याच्या टाक्यांत थंड करतात. आपल्या देशात त्यावर पुन्हा प्रक्रिया करून कामाचं तेवढं वेगळं काढतात आणि उरलेला तीव्र कचरा काचेत ओतून बंद करतात. वापरलेल्या इंधनात तयार होणाऱ्या प्लुटोनियमची ताकद निम्मी व्हायला २४ हजार वर्षं लागतात. इतकी वर्षं राखण करणारं राज्य आजवर झालं नाही, ही हरकत खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. तरीही माझं मत असं, की मोजलेला, कुलूपबंद, पहाऱ्यातला कचरा हा मुलांच्या छातीत रोज जाणाऱ्या राखेपेक्षा बरा. या एका बाबतीत अणू कोळशाच्या पुढं आहे.

किरणांची भीती

भीती गावात सगळ्यात आधी येते, म्हणून आधी तिच्यातला खोटा भाग काढतो. अणूचं काम आपल्या वावरात कधीच आलेलं आहे. टीएजी-२४ भुईमूग तुम्ही पेरला असेल. त्या नावातला टी ट्रॉम्बेचा आणि ए अकोल्याचा. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेलं वाण. टीएयू-१ उडीद आणि टीएएमएस सोयाबीनही त्याच वाटेनं आले. बियाण्यावर किरणांचा मारा करून त्यातून चांगले बदल निवडायचे, ही पद्धत. त्या शेंगा खाल्ल्यानं किरणं पोटात जात नाहीत. कॅन्सरला 'शेक' देतात त्या कोबाल्ट मशीनमधला कोबाल्टही अणुभट्टीतच तयार होतो, राजस्थानातल्या रावतभाट्याला. आमच्या मामीला नागपुरात असे शेक दिले, त्यानंतर ती अकरा वर्षं जगली.

भीतीचा खरा भाग पुढं आहे. कोळशाची चूल कोळसा थांबवला की थंड होत जाते. अणूची भट्टी बंद केली तरी आतली धग लगेच जात नाही. बंद करताक्षणी सहा टक्क्यांच्या आसपास उष्णता निघतच राहते, दिवसभरानं ती अर्ध्या टक्क्यावर येते. ७०० मेगावॅटच्या भट्टीत तो अर्धा टक्काही दहा मेगावॅटच्या घरात जातो. ती धग काढायला पाणी आणि पंप चालूच हवेत. ११ मार्च २०११ ला जपानात फुकुशिमाच्या भट्ट्या भूकंपानंतर बंद झाल्याच होत्या; त्सुनामीनं डिझेल जनरेटर बुडवले, थंड करणारे पंप थांबले आणि भट्ट्या आतून वितळल्या. १९८६ च्या चेर्नोबिलमध्ये भट्टीचीच रचना सदोष होती आणि चाचणी चुकीच्या पद्धतीनं झाली. आपल्याकडे ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याला टर्बाइनचं पातं तुटून आग लागली, केंद्राची सगळी वीज गेली. तिथल्या माणसांनी भट्टी सांभाळली, किरणोत्सर्ग बाहेर आला नाही.

विदर्भात त्सुनामी येणार नाही. पण पाणी?

सगळा प्रश्न मे महिन्याचा आहे

अणुवीज म्हटलं की लोक किरणांवर भांडतात. आपल्याकडे भांडायचं ते पाण्यावर. ५०० मेगावॅटचा कोळशाचा संच नियमाप्रमाणे युनिटला साडेतीन लिटर पाणी धरून पूर्ण चालला, तर दिवसाला चार कोटी लिटरच्या वर जातो. आपल्या अणुभट्ट्यांची वाफ कोळशाच्या केंद्राइतकी तापत नाही. त्यामुळे उष्णतेतला जेमतेम ३० टक्के भाग विजेत येतो, बाकीची पाण्यातून आणि हवेत सोडावी लागते. सरळ अर्थ, युनिटमागे पाणी आणखी जास्त. समुद्रकाठी, तारापूरला, याची काळजी नाही. आतल्या मुलखात केंद्रं आहेत, पण ती कुठं बसली आहेत ते पाहा: रावतभाटा राणा प्रताप सागर धरणाशी, नरोरा गंगेकाठी, काक्रापार तापीवर. मेळघाटाच्या कडेनं जाणारी तीच तापी, पण खाली गुजरातमध्ये उकाईचं मोठं धरण झाल्यावरची.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि नद्यांत वाळू. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. कोळशाचं केंद्र असं बंद ठेवता येतं. अणुभट्टी बंद ठेवली तरी तिच्यासाठी राखीव पाणी हवंच. मग ते कोणाच्या वाट्यातून निघणार? गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं. अडीच लाख हेक्टर भिजवायचं ठरलं होतं, आणि अजून वाट पाहणारी वावरं आहेत. ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाणी औष्णिक प्रकल्पाला देण्यावरून अमरावती जिल्ह्यात आंदोलन झालं ते यामुळंच.

सातपुड्यापलीकडं मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात चुटका इथं ७०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या ठरल्या आहेत, बरगी धरणाच्या काठावर. तिथले आदिवासी आधी बरगी धरणानं उठले होते, आता दुसऱ्यांदा उठायची पाळी. विदर्भानं पाहायचं उदाहरण मला कोकणातल्या जैतापूरच्या अणुप्रकल्पापेक्षा हे जास्त वाटतं.

सौर

वहिनींच्या दारात आज जो उभा आहे तो सोलरवाला, म्हणून त्याचंही मोजलं पाहिजे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आहे, दरवर्षी तीन टक्के वाढ. बरड जमिनीला हा भाव सोयाबीन कधीच देत नाही. कसदार काळ्या जमिनीला मात्र माझं स्पष्ट नाही. पंचवीस वर्षं जमीन पाट्यांखाली गेली तर एक पिढी नांगर विसरते. आणि ई-क्लास, म्हणजे गावातली सरकारी जमीन? कागदावर ती पडीक असते, पण गावची गुरं तिथंच चरतात. ती देताना गुराख्याला ग्रामसभेत बोलवा, नुसत्या सातबारावर जाऊ नका.

सौरचा मोठा गुण म्हणजे प्रकल्प वर्ष-दोन वर्षांत उभा राहतो आणि लाइन दिवसा येते. काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचं काँक्रीट २०१० ला पडलं, व्यावसायिक वीज २०२३ ला आली. आजचं ओलीत तेरा वर्षं थांबत नाही.

मर्यादाही तेवढीच मोठी. ७०० मेगावॅटची अणुभट्टी वर्षभरात जितकी वीज देते, तितकी सौरमधून काढायला तीन हजार मेगावॅटच्या पाट्या, म्हणजे बारा हजार एकर तरी लागतात. तरीही रात्रीचा दवाखाना, पिठाची गिरणी, नागपूरजवळच्या बुटीबोरीचे कारखाने त्यावर चालवायचे तर बॅटऱ्यांचा खर्च वेगळाच. रात्रीच्या विजेसाठी आज आपण कोळसाच जाळतो. देशाच्या विजेत अणूचा वाटा अजून तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

वहिनींना मी काय म्हणालो

शेतीच्या मोटरीसाठी सौर, आत्ताच, बरडावर. त्यात विचार करण्यासारखं फार नाही.

अणूसाठी माझं 'हो' एकाच ठिकाणी आहे. कोळशाचा जुना संच बंद करून, त्याच आवारात, त्याच्याच पाण्याच्या वाट्यात बसणारी लहान भट्टी. तिथं जमीन आधीच गेलेली आहे, तारा आहेत, रेल्वे आहे, आणि राख थांबेल. नवी जमीन घेऊन, नव्या धरणाचं पाणी तोडून आणली तर 'नाही', मोबदला कितीही असो.

आणि हात वर करण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा. मे महिन्यात धरण तळाला गेलं तर भट्टी थंड ठेवायचं पाणी कुठून, आणि ते कोणत्या गावाच्या वाट्याचं? भट्टीभोवती १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीचं नियोजन असतं. त्यात कोणती गावं, आणि गाडी नसलेल्या म्हातारीला बाहेर कोण काढणार? जुना कोळशाचा संच कोणत्या तारखेला बंद होणार? तारीख नसेल तर आपल्याला राखही मिळेल आणि भट्टीही.

वहिनींनी बचत गटाच्या वहीच्या मागच्या पानावर तिन्ही उतरवून घेतले. मग थोडं थांबून चौथा स्वतःच लिहिला आणि मला वाचून दाखवला: "प्रकल्प झाल्यावर आमच्या फीडरची लाइन दिवसा येणार, का तवाही रातीच?"