एलपी कव्हर लावायच्या फ्रेम्स: मालवणात एक पावसाळा काढल्यावर

मागवल्या तेव्हा थंडी होती, आता दिवाळी उरकली. म्हणजे उन्हाळा, पावसाळा आणि गणपतीतले पाहुणे असं सगळं यांनी बघून झालंय, आता लिहायला हरकत नाही. १२ इंची एलपीचं, म्हणजे मोठ्या रेकॉर्डचं, कव्हर बसेल अशा फ्रेम्स, काळी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक, मागे एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड), आणि पुढून उघडतात. मी घेतल्या त्या या शेवटच्या गोष्टीसाठीच, भिंतीवरून न उतरवता कव्हर बदलता येतं. ब्रँड सांगत नाही, याच डिझाइनच्या ढीगभर मिळतात आणि सगळ्यांची रड थोड्याफार फरकाने सारखीच असणार.

माझी कव्हरं बहुतेक नंतरच्या छपाईची आहेत, ओरिजिनल मोजकीच. पण लावायची तर ज्यांच्यावरून कधीकाळी बोंबाबोंब झाली तीच, असं ठरवलेलं. आणि या फ्रेमचं नेमकं तिथेच जमत नाही, कारण गाजलेली बरीचशी कव्हरं नुसती बघायची नाहीतच, हाताळायची आहेत.

रोलिंग स्टोन्स या बँडचं १९७१ चं 'स्टिकी फिंगर्स' घ्या. कल्पना चित्रकार अँडी वॉरहॉलची, जीन्सचा क्लोजअप आणि त्यावर खरोखरची धातूची चेन. अमेरिकेत गठ्ठे रचून माल पाठवला तेव्हा ती चेन वरच्या रेकॉर्डमध्ये रुतून खड्डे पडायला लागले, मग तोडगा असा काढला की चेन अर्धी खाली ओढूनच पाठवायची, म्हणजे दाब पडला तर मधल्या कागदी लेबलवर पडेल, गाण्यांवर नाही. स्पेनमध्ये तर ते कव्हर चालूच दिलं नाही, तिथे डब्यातून बाहेर आलेली बोटं छापली. माझ्या कॉपीला चेन आहे, आणि फ्रेम बंद केली की ती अ‍ॅक्रिलिकला आतून टेकते. वरच्या कोपऱ्यात ओरखडा पडलाय, बारीक आहे पण सकाळच्या उन्हात बरोब्बर दिसतो. वॉरहॉलचंच १९६७ चं केळं, व्हेल्वेट अंडरग्राउंड हा बँड आणि गायिका निको यांच्या रेकॉर्डचं, सुरुवातीच्या कॉप्यांवर केळ्याची साल म्हणजे स्टिकर होता, सोलला की आत गुलाबी केळं, शेजारी 'सावकाश सोला आणि बघा' अशा अर्थाची ओळसुद्धा छापलेली. ते अ‍ॅक्रिलिकमागे बंद करून ठेवण्यात काय मजा, मी महिन्याभरात काढलं.

सपाट कव्हरांना मात्र फ्रेम मस्त. बीटल्सचं 'सार्जंट पेपर' (१९६७, कव्हर पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांचं) समोर लावलंय आणि घरात येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे उभा राहतो. कव्हरवर नामवंतांची गर्दी आहे, बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहाने त्या गर्दीत योगानंद, लाहिरी महाशय वगैरे गुरू आलेत, पुढे खाली लक्ष्मीची छोटी मूर्ती आहे. गांधीजीही होते, पण भारतात लोक दुखावतील म्हणून रेकॉर्ड कंपनी ईएमआयच्या जोसेफ लॉकवूडनी ते काढायला लावले. पोरांना मी लक्ष्मी शोधायला लावतो. संध्याकाळी ट्यूब लावली की सापडत नाही, अ‍ॅक्रिलिकवर नेमकी तिथेच चमक येते. मॅट अ‍ॅक्रिलिकचा पर्याय असेल तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या.

खरी गंमत गणपतीत. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं 'अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह', तेही १९६७ चंच, आपल्याकडच्या कॅलेंडरवाल्या विष्णूच्या विश्वरूपावर मध्ये हेंड्रिक्स आणि त्याच्या बँडमधल्या दोघांचे चेहरे बसवलेत. मुंबईहून आलेल्या आत्येने चष्मा लावून जवळून बघितलं आणि म्हणाली, "ह्यां काय रे? देवाच्या मधी ही माणसां खंयची?" मी सांगितलं की हेंड्रिक्सला स्वतःलाही ते पटलं नव्हतं, आपल्या घराण्यात अमेरिकेतल्या मूळनिवाशांचं रक्त आहे असं तो सांगायचा, त्यामुळे इंडियन दाखवायचे तर ते दाखवा असं त्याचं म्हणणं. आत्ये म्हणाली, "मगे तूच कित्याक लावलंस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मलेशियात २०१४ साली या कव्हरवर बंदी आली हे तिला सांगितलं नाही, उगाच बळ मिळालं असतं. आरतीच्या आधी पुढून फ्रेम उघडून अर्ध्या मिनिटात बीटल्सचं 'अ‍ॅबी रोड' सरकवलं, चार माणसं रस्ता ओलांडतायत, त्यावर कोणाचं काय म्हणणं असणार. पुढून उघडण्याचे पैसे त्या दिवशी वसूल. फक्त 'अ‍ॅक्सिस' गेटफोल्ड (पुस्तकासारखं उघडणारं) आहे, जाड, ते परत बसवताना पट्टीचा खटका दाबूनच लावावा लागतो आणि कडा दुमडतात.

आता पावसाळा. एमडीएफ जूनमध्येच फुगायला लागलं, आषाढात तर मागची पाठ पोट आल्यासारखी पुढे आली आणि कव्हर अ‍ॅक्रिलिकला चिकटलं. चकचकीत लॅमिनेशनचं कव्हर असं चिकटलं की ओढायचं नाही, फ्रेम उघडून पंख्याखाली ठेवायची, आपोआप सुटतं. बीटल्सचं 'येस्टरडे अँड टुडे' (१९६६) आठवतंय का, खाटकाचे पांढरे कोट, मांस आणि मोडक्या बाहुल्या, ओरड झाल्यावर कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीने कॉप्या परत मागवून त्याच कव्हरांवर दुसरा साधा फोटो चिकटवला आणि शौकीन लोक तो वाफेवर सोडवत बसले. आमच्याकडे जुलैत वेगळी वाफ लागलीच नसती.

मी मग एमडीएफ काढून गावातल्या फोटोफ्रेमवाल्याकडून सनबोर्ड (प्लॅस्टिक फोमचा बोर्ड) कापून घेतला, चारी कोपऱ्यांत माउंटबोर्डचे तुकडे लावले म्हणजे कव्हर आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये फट राहते, मागे सिलिका जेलची पुडी. त्यानंतर बुरशी नाही. सोबत आलेले स्क्रू खाऱ्या हवेने गंजून भिंतीवर तांबडे ओघळ आले, स्टीलचे वेगळे घ्या. चिऱ्याच्या भिंतीत ड्रिल लोण्यासारखं जातं पण प्लग सैल होतो, लांब प्लग हवा. रेकॉर्ड मात्र फ्रेममध्ये ठेवू नका, ती साध्या पाकिटात कपाटात उभी.

पाचपैकी साडेतीन. पाठ धड दिली असती तर साडेचार दिले असते. आणखी मागवणार आहे, पण या वेळी जास्त खोलीच्या, म्हणजे चेन आणि गेटफोल्ड दोन्ही बसतील, आणि पार्सल मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आत घरी येईल असं बघून.