पुढून दाबायचा टॅकर: सोफाकामात काही महिने वापरल्यानंतर

बेळगावात शहापूर भागात आमचं सोफा-खुर्च्यांचं काम आहे. दुकानात कॉम्प्रेसरच्या हवेवर पिना मारणारी गन आहे आणि ती राहणारच. पण बरंच काम गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन करावं लागतं. खानापूरकडच्या गावांत पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, आणि डायनिंगच्या चार खुर्च्यांसाठी कॉम्प्रेसर टेंपोत घालून न्यायचा तर भाडंही सुटत नाही. तिथं हातानं दाबायचा टॅकरच लागतो, म्हणजे कापड लाकडावर पिनांनी ठोकायचं स्प्रिंगचं हत्यार. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी पुढून दाबायचा टॅकर घेतला आणि तेव्हापासून बाहेरचं सगळं काम त्याच्यावरच चाललंय. या बांधणीचे टॅकर बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतात, म्हणून कंपनीचं नाव न घेता बांधणीबद्दलच लिहितो.

जुना टॅकर सगळ्यांनी हाताळलेला असतो. त्यात हँडलची बिजागरी पुढे, पिन जिथून सुटते त्या तोंडाजवळ असते आणि आपली मूठ मागे. हँडल दाबत गेलं की आतली स्प्रिंग दबत जाते आणि पिन मारणारी पाती वर उचलली जाते. एका ठरावीक जागी पातीची पकड सुटते, स्प्रिंग मोकळी होते आणि पाती एका फटक्यात पट्टीतली पहिली पिन तोडून लाकडात घालते. पाती जोरानं खाली जाते त्याच क्षणी टॅकरचं अंग वर उसळतं. हा धक्का कुठल्याच टॅकरला चुकत नाही. अंग हलकं असेल तर उसळी जास्त, जड असेल तर कमी. ती दाबून धरायला वजन तोंडावरच पाहिजे. जुन्या बांधणीत हात मागं असल्यामुळे नेमकं तिथंच वजन पडत नाही. म्हणून आमचे कारागीर दुसऱ्या हाताचा तळवा तोंडावर ठेवून दाबतात. मग रेक्झीन ओढून धरायचं कोणी?

नव्यात बिजागरी मागे नेली आहे आणि हँडलचं दाबायचं टोक पुढे, तोंडाच्या वर आणलं आहे. स्प्रिंग दाबायला हाताचा जो जोर लागतो, तोच टॅकरला लाकडावर टेकवून ठेवतो. बदल एवढाच आहे, पण मला सगळा फरक त्यातच दिसला.

तो का पडतो, हे सागाच्या फ्रेमवर कळतं. पिनेचे पाय टॅकरच्या आत असतात तोवर त्यांना दोन्ही बाजूंनी आधार असतो. तोंड लाकडाला घट्ट टेकलेलं असेल, तर पाय त्या आधारातून थेट लाकडात शिरतात. तोंड जरा जरी उचललं गेलं, तरी मधल्या फटीत पाय मोकळे पडतात आणि तिथंच वाकतात. त्यात पाय लांब असले की आणखी वाईट. बारीक तार उभी दाबली, तर लांबी दुप्पट केल्यावर ती वाकायला चौथाई जोर पुरतो. घट्ट बसावं म्हणून कडक लाकडाला लांब पिना घेणारे बरेच आहेत, पण जुन्या सागात ६ किंवा ८ मिलीमीटरची पिन पूर्ण जाऊन बसते तिथं १२ ची अर्ध्यात मुडपते. लांब पिन आंब्याच्या फळ्यांना आणि जाड तागाला चालते. साध्या प्लायवर मी ८ च वापरतो. स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू आहे. प्लायवर पातळ रेक्झीन असलं की तो सैल करावा लागतो, नाहीतर पिनेची पाठ, म्हणजे दोन पायांना जोडणारी आडवी तार, रेक्झीन कापूनच आत जाते आणि कापड पुन्हा मोकळं होतं.

पिनांबद्दल आणखी एक, कारण दुकानात सर्रास गोंधळ होतो. बिलं टाचायच्या स्टेपलरवर २४/६ लिहिलेलं असतं. त्यातला २४ हा तारेचा गेज आणि ६ ही पायाची लांबी मिलीमीटरमध्ये. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, म्हणून २६/६ ची पिन आणखी पातळ. तिला स्टेपलरच्या खालच्या लोखंडी पट्टीवर, म्हणजे ऐरणीवर वळायचं असतं. त्या ऐरणीला दोन बाजू असतात: एकीवर पाय आत मुडपतात, ऐरण फिरवली की बाहेर वळतात आणि पिन हातानं ओढून काढता येते. टॅकरला ऐरणच नाही. पाय सरळ आत जातात आणि त्यांना धरून ठेवतं ते फक्त लाकूड. माझ्या टॅकरला ५३ नंबरच्या पिना लागतात, त्यांची पाठ ११.४ मिलीमीटर. जाड चपट्या तारेच्या १४० नंबरच्या पिना याच्यापेक्षा अरुंद असतात. त्या मॅगझिनमध्ये, म्हणजे पिना भरायच्या खाचेत, बसल्यासारख्या वाटतात, पण तिरक्या होऊन अडकतात.

आमच्याकडे कव्हरं शिवायला मामी येतात. जुना टॅकर त्यांच्या मुठीत मावायचाच नाही, कारण उघडं हँडल अंगापासून फार लांब राहायचं. नवा त्यांनी टेबलावर ठेवून तळव्यानं दाबून बघितला आणि म्हणाल्या, "हे जमतंय की मला! बोटांवर काहीच येईना." आता खुर्चीच्या बैठकीचं खालचं कापड त्याच मारतात. मात्र उभ्या पाठीवर किंवा डोक्यावरच्या पट्टीला मारताना वरून अंगाचं वजन देता येत नाही, तिथं हा टॅकरही मनगट दमवतोच. दिवसभर सोफासेट करायचे तर गनच घ्या.

तक्रारी दोन आहेत. पहिली, पाती. चारेक महिन्यांनंतर एकाच फटक्यात दोन पिना अर्धवट येऊ लागल्या. पाती काढून भिंगाखाली धरली, तर खालच्या कडेचे कोपरे गोल झाले होते. कोपरा गोल झाला की पाती पिनेवरून घसरते आणि मागच्या पिनेला ढकलते. विकणाऱ्यानं सुटी पाती मिळत नाही म्हणून हात वर केले. सतत मार खाणाऱ्या वस्तूचा सर्वांत झिजणारा भाग सुटा न ठेवणं मला अजिबात पटत नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या भागात ओळखीच्या टूलरूममध्ये कड घासून घेतली. घासताना दर थोड्या वेळानं पाण्यात बुडवायला सांगा. पोलाद तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, आणि कड आठवड्यात परत बसते. पिना नसताना रिकामा चालवणंही टाळा, सगळा मार आतल्या रबरावर जातो.

दुसरी तक्रार गंजाची, आणि तिचा दोष टॅकरला देता येत नाही. आमच्याकडच्या पावसात साध्या पिना फिकट कापडावर तांबूस ठिपके सोडतात. जस्ताचा मुलामा असलेल्या पिना बऱ्याच टिकतात, पण दिसणाऱ्या कडेला मी आता स्टेनलेसच्याच मारतो. महाग आहेत, पण कापड परत उसवायला लागत नाही.

घ्यायला जाताना आपल्या कामाच्या लाकडाचा तुकडा सोबत न्या. दुकानात पुठ्ठ्यावर मारून दाखवतात, आणि पुठ्ठ्यात कुठलाही टॅकर पिन घालतो. सागाच्या तुकड्यावर एकाच हातानं पाच-सहा पिना मारा आणि त्यांच्या पाठीवरून नख फिरवा. नख अडकलं तर तो टॅकर परत ठेवा.