ऑटोमॅटिक पिकअपचा गिअरबॉक्स ‘उतरवला’, तोही फक्त बिलात

रत्नागिरीकडच्या एका आंबा बागायतदाराला जुन्या ऑटोमॅटिक पिकअपपायी लाखाच्या वर चुना लागला. गाडी हंगामात आंब्याच्या पेट्या वाहते आणि एरवी मिरकरवाडा बंदरावरून बर्फातली मासळी. पावसाळी मासेमारी बंदी उठल्यावर ऑगस्टात तक्रार सुरू झाली: गाडी जागेवरून जड उठते, तिसऱ्या गिअरलाच अडकून राहते, डॅशबोर्डवर दिवा लुकलुकतो. बंद करून पुन्हा चालू केली की काही वेळ नीट पळते.

सगळी मेख या शेवटच्या वाक्यात होती. क्लच प्लेटा झिजल्या असतील तर इंजिन बंद-चालू केल्याने त्या बऱ्या होत नाहीत. तेव्हा इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, ऑइल तापलं की त्रास वाढतो, परशुराम किंवा कशेडी घाटात तर हमखास. एकाच गिअरला अडकणं आणि रीस्टार्टने सुधारणं ही बहुतेक वेळा वायरिंगची खूण. सोलेनॉइड म्हणजे गिअरबॉक्समधल्या ऑइलची वाट उघडझाप करणारी विजेची झडप. कंट्रोल युनिटला तिच्या सर्किटमध्ये दोष दिसला की ते गिअरबॉक्स वाचवायला वीजच तोडतं, आणि बऱ्याच गिअरबॉक्सना मग एकच ठरलेला गिअर उरतो.

गॅरेजवाल्याने गाडीतले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावलाच नाही. थेट चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) खोलला आणि आतल्या चुंबकावरचा राखाडी लेप बोटावर घेऊन मालकाला दाखवला: “बघा काका, मेटल आलंय. ओव्हरहॉलशिवाय पर्याय नाही.” हा लेप जुन्या गाडीत असतोच, चुंबक त्यासाठीच बसवलेलं असतं. बोटांत चोळला तर ग्रीससारखा मऊ लागतो. घाबरायचं ते टोचणारे कण, चकाकणारे तुकडे किंवा क्लच प्लेटांचा काळा भुगा दिसला तर. फरक माहीत नसला की हा प्रयोग कुणालाही पटतो.

बिलात क्लच किट, सील किट, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग), गिअरबॉक्स उतरवणे-चढवणे असं सगळं. जुने पार्ट परत दिले नाहीत, “भंगारात गेले” म्हणून सांगितलं. जोराच्या दोन सरी पडल्या आणि गाडी पुन्हा तिसऱ्या गिअरला चिकटली.

दुसऱ्या गॅरेजात गाडी रॅम्पवर चढवली तेव्हा खोटेपणा उघडा पडला. गिअरबॉक्स उतरवायचा तर बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं कवच) आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट सोडावेच लागतात. इथे त्या बोल्टांवर जुना गंज आणि चिखलाची पापुद्री जशीच्या तशी, पान्याची एक चकाकी नाही. फक्त चेंबरचे बोल्ट नवे घासलेले. म्हणजे काम झालं ते ऑइल आणि फिल्टरचं. तेही अर्धं, कारण चेंबर खोलून निम्म्याहून कमीच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं.

खरा दोष होता गिअरबॉक्सच्या बाजूच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात. हौद्यातल्या क्रेटमधलं खारं पाणी फटीतून नेमकं तिथे ठिबकायचं. आतल्या दोन पिना हिरव्या पडलेल्या. काँटॅक्ट क्लीनर, दोन नव्या पिना, सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीस, अर्थिंगची पट्टी खरवडून घट्ट करणं आणि फटीवर रबरी पट्टी. इतकंच.

म्हणून कुणी गिअरबॉक्स खोलायचं म्हटलं तर आधी पुढचं करून घ्या. बॅटरी इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवते का? स्कॅनरवरचे कोड वाचून कागदावर लिहून घ्या, पुसू देऊ नका. पी०७५३ म्हणजे सोलेनॉइडच्या विजेच्या वाटेत गडबड, तिथे आधी कपलर आणि वायर. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, तिथे आतल्या झिजेची शंका रास्त. डिपस्टिक असेल तर ऑइल गरम, गाडी सपाटीला, इंजिन चालू, लिव्हर सगळ्या खाचांतून फिरवून ‘पी’वर आणल्यावरच पातळी बघा. लाल किंवा तपकिरी चालेल. काळं आणि करपट वासाचं असेल तर आत जळालंय. गुलाबी दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, बहुधा रेडिएटरमधल्या कूलरमधून. तशी गाडी चालवत नेऊ नका, टो करा. सोलेनॉइड मल्टिमीटरवर मोजायला पाच मिनिटं लागतात: चालू-बंद प्रकारचे सहसा १० ते २० ओहम, ऑइलचं प्रेशर कमीजास्त करणारे त्याहून बरेच कमी. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरा. आणि गिअर टाकताना नुसता ‘ठक्’ आवाज येत असेल तर आधी प्रॉपेलर शाफ्टचे सांधे (यूजे क्रॉस) आणि गिअरबॉक्स ज्यावर टेकतो ती रबरी माउंटिंग हलवून पाहा.

गाडी सोडताना जॉब कार्डवर “जुने पार्ट परत” लिहून घ्या, बेल हाउसिंगच्या दोन बोल्टांवर रंगाचा ठिपका ओढा आणि फोटो काढून ठेवा. पैसे गेलेच असतील तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. गाडी धंद्याची, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं म्हणत गॅरेजवाला आडवा येईल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरतो, हे तक्रारीतच स्पष्ट लिहा. पक्कं बिल मात्र हवं, आणि या प्रकरणात बागायतदाराने अठरा टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवरच पैसे दिले होते.